कपाटातली ओल आणि कसर

कसरीने खाल्लेलं पान एकदा नीट पाहिलं की पुढे ओळखायला चूक होत नाही. आरपार भोक सुरुवातीला नसतंच. आधी कागदाचा वरचा थर खरवडला जातो. पान उजेडासमोर धरलं तर मध्येच ते विरळ, अर्धपारदर्शक झालेलं दिसतं आणि जिथे कीड जास्त वेळ रेंगाळली तिथे कागद पुरता संपून वेड्यावाकड्या कडांचं भोक पडलेलं असतं. अक्षरं अर्धी उरतात. पानांच्या बेचक्यात मिरपुडीसारखे बारीक काळे कण असतात, क्वचित पिवळट डाग असतात आणि बोटाला किंचित चकाकणारी भुकटी लागते. ते तिच्या अंगावरचे खवले.

ही ओळख मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो आहे. घरात पुस्तक खाल्लेलं दिसलं की बहुतेक जण ‘वाळवी लागली’ म्हणून हादरतात आणि थेट औषध मारणाऱ्या माणसाला बोलावतात. वाळवीने खाल्लेल्या कागदात माती असते, भिंतीवर किंवा कपाटाच्या मागे मातीच्या नळ्या असतात आणि पुस्तक आतून पोखरून फक्त कडा शिल्लक राहिलेल्या असतात. पुठ्ठ्यापासून शेवटच्या पानापर्यंत सुईने टोचल्यासारखं गोल, स्वच्छ भोक दिसलं तर ते भुंग्याच्या अळीचं काम. या तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. वाळवीला जमिनीपासून अडवावं लागतं, भुंग्याची अळी पुस्तकाच्या आतच मारावी लागते. कसरीच्या बाबतीत मात्र सगळ्यात आधी घराकडे, म्हणजे घरातल्या हवेकडे पाहावं लागतं. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच आहे.

कसर म्हणजे इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं जिला सिल्व्हरफिश म्हणतात ती. लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर, डोक्याकडे रुंद, शेपटीकडे निमुळती होत गेलेली, रंग राखाडी-चंदेरी. पुढे दोन लांब मिशा, मागे तीन शेपट्या. चालते ती सरळ रेषेत नव्हे, अंग वळवत, झरझर. दिवा लावला की क्षणात फटीत शिरते. पंख नाहीत, आणि ते कधी नव्हतेच. कीटकांना पंख फुटण्याच्या आधीच जी शाखा वेगळी झाली तिची ही वंशज आहे. डायनासोर येण्याच्या कितीतरी आधीपासून तिचं कुळ पृथ्वीवर आहे आणि शरीराचा आराखडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू म्हणजे लहान आकाराची पांढुरकी कसरच असते. अळी, कोष, फुलपाखरू असला प्रवास तिच्या आयुष्यात नाही. पिल्लू कात टाकत मोठं होतं, काही काती टाकल्यावर अंगावर खवले येतात. विशेष म्हणजे वयात आल्यावरही ती कात टाकणं थांबवत नाही. बहुतेक कीटक प्रौढ झाले की हा व्यवहार संपतो. कसर मात्र शेवटपर्यंत कात टाकत राहते, त्यामुळे तुटलेली मिशी किंवा शेपटी तिला पुन्हा फुटू शकते.

ती जगतेही बरीच. झुरळाचं आयुष्य महिन्यांत मोजतात, कसर तीन वर्षं सहज जगते, परिस्थिती चांगली मिळाली तर त्याहून जास्त. अन्नावाचून ती महिनोन्‌महिने काढू शकते. मात्र वाढते ती हळू. मादी एका वेळी थोडीच अंडी घालते, तीही लाकडाच्या फटीत, कपाटाच्या सांध्यात. अंड्यातून बाहेर पडून पुन्हा अंडी घालण्याच्या वयाला यायला उबदार, दमट जागी काही महिने लागतात, थंड जागी वर्षाहून अधिक. समागमाची पद्धतही विलक्षण आहे. नर आणि मादी आधी समोरासमोर येतात, मिशांनी एकमेकांना चाचपतात, मागे हटतात, पुन्हा येतात. मग नर भिंत आणि जमीन यांच्यामध्ये रेशमासारखे बारीक धागे ताणतो, त्याखाली बीजाची छोटी पुडी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. हे सगळं आपल्या पुस्तकांमागे, अंधारात चालतं.

या मंद वाढीत आपल्यासाठी दिलासा आहे. डासांसारखी ही कीड आठवड्याभरात दुप्पट होत नाही. एखाद्या घरात डझनावारी कसरी दिसत असतील तर त्या काल आलेल्या नसतात. वर्ष-दोन वर्षं तिथे त्यांचं व्यवस्थित चाललेलं असतं. आणि ज्या कारणाने ते व्यवस्थित चाललं ते कारण दूर केलं की संख्या उतरणीला लागते. हळू, पण नक्की.

कसरीचं पहिलं नीट चित्र इंग्लंडमध्ये निघालं. रॉबर्ट हूकने १६६५ साली छापलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात पिसू, उवा, माशीचा डोळा यांच्याबरोबर पुस्तकातली ही चंदेरी कीडही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रेखाटली आहे. तिच्या खवल्यांचं त्याला मोठं कौतुक वाटलं होतं. पुस्तकांच्या पानांना आणि वेष्टनांना पडणारी भोकं त्याने तिच्या नावावर टाकली. त्यातली खोल, गोल भोकं खरं तर भुंग्याच्या अळ्यांची असतात हे आज आपल्याला माहीत आहे, पण साडेतीनशे वर्षांपूर्वी कागद खाणारा प्राणी इतक्या आस्थेने कोणी पाहिला, याचं मोल कमी होत नाही. १७५८ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं: लेपिस्मा सॅकॅरिनम. आपल्या घरांत ही एकच जात असते असं मात्र नाही. उष्ण प्रदेशात तिच्या इतर भावकीतल्या जाती तेवढ्याच आढळतात. काही जास्त राखाडी, काहींच्या शेपट्या अंगाएवढ्या लांब. घरमालकाच्या दृष्टीने त्यांची वर्तणूक बरीचशी सारखी असते.

आता ती काय खाते ते पाहू. तिचं खरं आवडतं अन्न पिष्ट, म्हणजे स्टार्च. कागद हा तिच्यासाठी पिष्टाचा थर चढवलेला पदार्थ असतो. आपल्याकडच्या जुन्या हातकागदाला, जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्यात बनणाऱ्या कागदाला, शाई फुटू नये म्हणून खळ देऊन वर घोटत. म्हणून त्या कागदावर बोरूने लिहिलेलं मोडी अक्षर इतकं सुबक उठतं, आणि म्हणूनच कसर त्याचा पृष्ठभाग इतक्या आवडीने खरवडते. बांधणी करणारे कारागीर पुठ्ठा आणि कापड चिकटवतात ती लई मैद्याची किंवा चिंचोक्याची. तीही तिचंच अन्न. जुन्या बांधणीदारांना हे पक्कं ठाऊक होतं. लई शिजवताना ते तिच्यात मोरचूद टाकत. मोरचूद विषारी असल्यामुळे कीड लांब राहते. मात्र त्यातलं तांबं कालांतराने कागदालाच ठिसूळ करतं. म्हणून संग्रहालयांतले जतनकार आता मोरचूद टाळतात. घरी जुनं पुस्तक बांधायला देताना मीही तसंच सांगेन: लई साधी घ्या, पण पातळ लावा आणि पुस्तक पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका.

पिष्टाखेरीज ती कागदाचा तंतू, म्हणजे सेल्युलोजही पचवते. वाळवीला हे पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने जमतं. कसरीचं तसं नाही. १९५६ मध्ये रूबेन लास्कर आणि आर्थर गीझ या संशोधकांनी एका जातीच्या कसरी जंतुविरहित वाढवून दाखवलं की सेल्युलोज पचवणारं विकर तिचं शरीर स्वतःच तयार करतं. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर जिलेटिनचा थर असतो, तोही तिला चालतो. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत चेहऱ्यावर जे पांढरे ओरखडे दिसतात त्यांपैकी पुष्कळ तिचेच. कांजी केलेली सुती साडी, खळीचं धोतर, तसंच घडी करून वर्षभर ठेवलेलं परकराचं कापड यांना ती लागते. शुद्ध लोकर आणि रेशीम यांना पडलेली भोकं बहुतेक वेळा वेगळ्या किडीची असतात: कपड्यांच्या पतंगाच्या अळ्यांची किंवा बारीक भुंग्यांची. पैठणीला भोक पडलं तर कसरीवर राग काढण्याआधी तिच्या घडीत केसाळ अळीची टाकलेली कात मिळते का ते पाहावं. याशिवाय पिठाची सांड, धूळ, माणसाच्या अंगावरून पडणारी कोरडी त्वचा, मेलेले किडे आणि स्वतःची टाकलेली कातही तिला चालते. म्हणजे घरात तिच्या तोंडचं अन्न संपवणं जवळपास अशक्य आहे. ज्यांच्या घरात एकही पुस्तक नाही त्यांच्याकडेही ती सुखाने राहते.

पण पाणी? इथे तिची नाडी सापडते.

कसर पाणी शोधत नळाकडे जात नाही, ती ते हवेतून मिळवते. तिच्या फायरब्रॅट नावाच्या उष्णताप्रिय नातेवाइकावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की हा कीटक गुदद्वाराजवळच्या विशेष पेशींनी हवेतली वाफ शोषून घेतो, आणि सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर असेल तोवर त्याला हे जमतं. आपल्या नेहमीच्या कसरीला तर याहून पुष्कळ जास्त ओलावा लागतो. ७५ टक्के आणि त्यापुढची हवा तिला मानवते, अंडी आणि पिल्लं तिथेच नीट वाढतात. हवा कोरडी झाली की तिच्या शरीरातलं पाणी उडत राहतं आणि ते ती भरून काढू शकत नाही. अन्नाशिवाय महिनोन्‌महिने जगणारा हा प्राणी कोरड्या हवेत टिकत नाही.

आता आपल्या हवामानाकडे पाहा. जून ते सप्टेंबर या काळात मुंबई, रत्नागिरी, पणजी इथली हवा आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. कपाटाच्या बंद फळ्यांआड, पावसाने भिजलेल्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून, ती आणखी वर जाते. चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते ती याच आठवड्यांत. बुरशी दिसली की कसरही आहे असं समजायला हरकत नाही, दोघींना एकच हवा लागते. विदर्भात मात्र गोष्ट वेगळी आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरते, तिथे कसरीला जगणं कठीण व्हायला हवं. तरीही तिथल्या घरांत ती सापडते, कारण उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा समोरच्या पुस्तकांच्या मांडणीवर दिवसभर आदळत असते. कूलरच्या झोतात पुस्तकं ठेवू नयेत, हे तिथल्या प्रत्येक वाचकाला मला कळवळून सांगावंसं वाटतं.

म्हणून कीटकनाशकाच्या आधी दोन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक विकत घ्या. तो खोलीच्या मध्यभागी टांगून उपयोग नाही. तो पुस्तकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा आणि दार लावून दुसऱ्या दिवशी पाहा. खोलीत ६५ आणि कपाटात ८० असे आकडे दिसले तर कसर कुठे राहते याचं उत्तर तुम्हाला मिळालं. ध्येय ६० टक्क्यांच्या खाली राहण्याचं ठेवावं. कोकणात ऐन पावसाळ्यात ते साध्य होणार नाही, पण वर्षातले उरलेले महिने तरी ती पातळी राखता आली तर तिची वाढ खुंटते.

ओल कुठून येते हे शोधणं म्हणजे घराची झडती घेणं. न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून केलेलं भिंतीतलं कपाट हे कसरीचं पहिल्या क्रमांकाचं ठिकाण. त्या भिंतीतला नळ किंचित ठिबकत असेल तर बाहेरून काही दिसत नाही, फक्त कपाटाच्या आतला रंग फुगतो. दुसरं ठिकाण सिंकखालची जागा, जिथे रद्दीची पिशवी आणि कांद्या-बटाट्यांची टोपली एकत्र असते. तिसरं म्हणजे माळा. तिथे आपण टीव्हीचा, मिक्सरचा, चपलांचा खोका ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवतो. नालीदार पुठ्ठ्याचे थर पिष्टाच्या गोंदाने चिकटवलेले असतात आणि त्याच्या नळ्यांत कसरीला राहायला अंधारी, अरुंद जागा मिळते. एका खोक्यात तिचं घर आणि जेवण दोन्ही असतं. कपाटाच्या फळीवर अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र, फोटोच्या चौकटीमागचा पुठ्ठा, वर्ष उलटूनही खिळ्यावरच राहिलेली दिनदर्शिका या जागाही एकदा उलटून पाहाव्यात.

न्हाणीघरात सकाळी बादलीत किंवा बेसिनमध्ये कसर दिसते तेव्हा ती पाइपातून वर आली असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. रात्री फिरताना ती गुळगुळीत भांड्यात घसरते आणि तिला चढून बाहेर येता येत नाही, म्हणून सकाळी सापडते. तेव्हा जाळीत औषध ओतू नये. फरशीच्या आणि भिंतीच्या सांध्यातल्या फटी पाहाव्यात, कारण ती आली आहे तिथून.

ओल हटवण्यासाठी हवा खेळती ठेवा, असं सगळे सांगतात. पण पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवली तर बाहेरची ९० टक्क्यांची हवाच आत येते. खिडक्या उघडायच्या त्या पाऊस ओसरल्यावर, कोरड्या दुपारी. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवणं, खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच असणं, पुस्तकं दाटीवाटीने कोंबून न भरणं, या गोष्टी जास्त कामाला येतात. न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा आंघोळ झाल्यावरही अर्धा तास चालू राहू द्यावा. वातानुकूलन यंत्र असेल तर त्यातली ‘ड्राय’ सोय रोज काही तास वापरावी. आर्द्रताशोषक यंत्र परवडत असेल तर किनाऱ्यावरच्या पुस्तकप्रेमी घरात तो खर्च मी वायफळ मानणार नाही.

मुंबई-कोकणात पूर्वी पावसाळ्यात कपाटात एक छोटा पिवळा दिवा लावून ठेवायची पद्धत होती. त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. हवा तापवली की तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते आणि सापेक्ष आर्द्रता उतरते. २६ अंशांची ९० टक्के दमट हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा साधारण ७० टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. आज त्याच जागी एलईडी दिवा लावला तर फारसं काही होत नाही, कारण तो फारसा तापत नाही. आणि जुना दिवा कागद-कापडाजवळ लावणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं आहे. त्याऐवजी कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. रंग बदलणारे खडे घेतले की ते कधी भरले ते कळतं, मग मंद आचेवर, हवेशीर जागी तापवून पुन्हा वापरता येतात. पाणी शोषून डबीत साठवणारी रसायनं बाजारात मिळतात, ती कपड्यांच्या कपाटात ठीक. पुस्तकांच्या वर मात्र ठेवू नयेत. डबी कलंडली तर ते खारट पाणी पुस्तकात शिरतं आणि मग कागद कधीच नीट वाळत नाही.

दिवाळीची साफसफाई ही कसरीच्या बाबतीत इतकी अचूक वेळेला येते की तिचा आळस करू नये असं मला मनापासून वाटतं. पाऊस संपलेला असतो, ऑक्टोबरच्या उन्हाने हवा कोरडी झालेली असते आणि पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं अजून फटींतच असतात. कपाटातलं एकेक पुस्तक बाहेर काढायचं, मिटलेलंच धरून मऊ कुंचल्याने वरची धूळ झटकायची, मग पानं फडफडवायची. फळ्यांचे सांधे, कोपरे, बिजागऱ्यांच्या मागची जागा व्हॅक्यूम क्लीनरच्या निमुळत्या तोंडाने ओढून काढायची. अंडी तिथेच असतात आणि ती काढण्याचा याहून चांगला मार्ग नाही. धुळीची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर टाकावी. फटी लांबी किंवा सिलिकॉनने बुजवाव्यात. पुस्तकांना हवा द्यायची तर सावलीत, वाऱ्यावर. भर उन्हात कागद पिवळा पडतो, शाई उडते आणि बांधणीचा गोंद तडकतो. कपड्यांना मात्र खुशाल कडक ऊन द्यावं. आणि जे सुती कपडे वर्षभर घडीत राहणार आहेत ते कांजी न करता ठेवावेत. नेसण्याच्या वेळी कांजी करता येते.

किती कसरी आहेत आणि कुठे, हे कळण्यासाठी सापळा लावावा. मुरंब्याची रिकामी काचेची बरणी घ्यायची, तिच्या बाहेरच्या बाजूला कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, तळाशी चिमूटभर कणीक किंवा पावाचा तुकडा टाकायचा. रात्री ती कपाटाच्या पायाशी ठेवायची. पट्टीच्या खरबरीत पृष्ठभागावरून कसर वर चढते, आत पडते आणि गुळगुळीत काचेवरून तिला परत चढता येत नाही. या बरण्यांनी घर कसरमुक्त होत नाही, पण एकाच वेळी चार-पाच ठिकाणी ठेवल्या तर ओल कुठे आहे ते त्या दाखवतात. ज्या बरणीत सर्वांत जास्त सापडल्या तिथल्या भिंतीला हात लावून पाहावा.

आता औषधांबद्दल. बोरिक पावडर, तीच जी कॅरमच्या बोर्डवर टाकतात, ती कसरीच्या पोटात गेली तर तिला मारते. ढीग घालू नये. जाड थर टाळून ती बाजूने निघून जाते. अगदी पुसट थर, तोही हात न पोहोचणाऱ्या फटींत, कपाटाच्या मागे, फरशीच्या सांध्यात द्यावा. ओल लागली की पावडरचा गठ्ठा होतो आणि ती निरुपयोगी ठरते, म्हणजे इथेही पुन्हा ओलीचाच प्रश्न. रांगतं मूल किंवा मांजर असेल तिथे ती उघड्यावर टाकू नये, पुस्तकांच्या पानांत तर कधीच नको. डायटोमेशियस मातीची पूड कीटकाच्या अंगावरचा मेणाचा थर काढून त्याला वाळवते, पण दमट हवेत तिचा परिणाम मंदावतो. कोकणात जुलै महिन्यात तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

नॉर्वेतला अनुभव इथे उपयोगी आहे. तिथल्या घरांत लांब शेपटीची राखाडी कसर गेल्या दशकात झपाट्याने पसरली. ती तुलनेने कोरड्या घरातही तग धरते, म्हणून नुसत्या हवा सुकवण्याने भागेना. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी इंडोक्साकार्ब हे विष असलेली जेल भिंतीच्या कडेने अतिशय बारीक थेंबांत, पण पुष्कळ जागी लावून पाहिली. थोड्या मोठ्या थेंबांपेक्षा पुष्कळ लहान थेंब जास्त प्रभावी ठरले. विष खाऊन मेलेल्या कसरी दुसऱ्या खातात आणि त्याही मरतात. याच रसायनाची जेल आपल्याकडे झुरळांसाठी मिळते. घर सुकवूनही वर्षभरात फरक पडला नाही, तर संपूर्ण घरात फवारा मारण्यापेक्षा अशी जेल जाणकाराकडून लावून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. फवारा उघड्या पृष्ठभागावर बसतो, कसर आणि तिची अंडी फटीत असतात. कोणतंही औषध आणलं तरी डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहावा. भारतात १९६८ च्या कायद्याखाली कीटकनाशकांवर तो छापणं बंधनकारक आहे: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मला कडकपणे बोलायचं आहे. नॅफ्थलीनची वाफ बंद पेटीत दाटली तर कीड दूर राहते, हे खरं. पण सारख्या उघडझाप होणाऱ्या कपाटात ती वाफ टिकत नाही, ती आपल्याच श्वासात जाते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला गोळ्यांतले कपडे घातले, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकतं. बाळंतपणासाठी राखून ठेवलेल्या दुपट्यांत आणि झबल्यांत या गोळ्या टाकण्याची आपली सवय आजच्या आज सुटायला हवी.

वेखंडाचा मात्र मी आदर करतो. पोथ्यांच्या बासनात वेखंडाची कांडी ठेवणं हा नुसता समज नाही. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्याचा धान्यातल्या किडींवर होणारा परिणाम प्रयोगांत दिसलेला आहे. सुकं वेखंड पातळ कापडात बांधून फळीवर ठेवावं, पानांत नको. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला पुस्तकात ठेवला तर आपण स्वतःच तिथे पाणी नेऊन ठेवतो. लवंगा, तमालपत्र यांचा वास आपल्याला आवडतो, कसरीला त्याची फारशी फिकीर नसते. जुन्या लोकांची खरी हुशारी बासन बांधण्यात होती. पोथी दोन फळ्यांत दाबून, जाड सुती कापडात चारही बाजूंनी आवळून बांधली की आत धूळ जात नाही, कीड शिरत नाही आणि बाहेरची आर्द्रता वर-खाली झाली तरी आतली सावकाश बदलते. पेशवे दप्तरातले कागद असेच ‘रुमालां’त बांधून राहिले आणि म्हणून आपल्यापर्यंत आले.

कसर माणसाला चावत नाही, रोग पसरवत नाही. तिच्या खवल्यांनी आणि विष्ठेने काही जणांना ॲलर्जी होते, एवढंच. घरातली पाल आणि कोळी तिला खातात. माळ्यावरच्या पालीला हाकलण्याची घाई करू नये.

आता ज्या पुस्तकाला ती लागलीच आहे त्याचं काय करावं? ते इतरांपासून लगेच वेगळं करावं आणि फ्रीझरमध्ये ठेवावं. जगभरची संग्रहालयं हेच करतात. पुस्तक कोरडं असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करायचं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे राहू द्यायचं. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. थंड वस्तूवर हवेतलं पाणी जमतं, ते पिशवीच्या बाहेर जमू दे, पुस्तकावर नको. मग कुंचल्याने मेलेले किडे आणि काळे कण झाडून काढायचे. रद्दीच्या दुकानातून किंवा पदपथावरून घेतलेली पुस्तकं कपाटात लावण्याआधी हा पाहुणचार त्यांना द्यावाच. नव्या घरात कसर बहुतेक वेळा अशाच पुस्तकांतून आणि सामान हलवताना आलेल्या खोक्यांतून शिरते.

घरात मोडी कागद, जुनी पोथी, वतनाच्या सनदा किंवा काचेवरची छायाचित्रं निघाली तर मात्र घरगुती प्रयोग करू नका, फ्रीझरचाही नको. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरतो आणि मग कोणालाच काढता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतही गुंडाळू नका, आत ओल कोंडते. कुंचल्याने हलकेच झाडून, धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधून, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या, हस्तलिखितं जपणाऱ्या संस्थेकडे विचारणा करा. कसरीने अर्ध्या ओळी खाल्लेला कागदही वाचता येतो. तो रद्दीत घालण्याआधी एकदा मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा.